बागेत नुसतं बसायला कसं जायचं

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, कुठे आहेस, म्हटलं सारसबागेत. कोणाबरोबर? कोणी नाही. चालायला गेलीस का? नाही. मग तिथल्या गणपतीच्या दर्शनाला? नाही गं. मग करतेस काय तिथे? म्हटलं बसलेय. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग एकदम हळू आवाजात, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

तर हे असं आहे. बागेत जायला आपल्याला कारण लागतं. पोराला खेळवायला, शुगर वाढली म्हणून चालायला, पाहुणे आले म्हणून त्यांना फिरवायला. नुसतं बसायला कोणी गेलं की लोकांना काळजी वाटते. मी पण अशीच होते हो. घरून अकाउंट्सची कामं करते, दोन वर्षांपूर्वी मार्चमधे बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाले रोज तासभर घराबाहेर पडत जा, तर मी लगेच हाताला पावलं मोजायचं घड्याळ बांधून सारसबागेत फेऱ्या मारायला सुरुवात. आठ हजार झाले का, साडेआठ झाले का. कामात टार्गेट होतंच, आता बागेतही झालं. मग एके दिवशी चपलेचा अंगठा तुटला आणि नवरा दुसरी चप्पल घेऊन येईपर्यंत चाळीस मिनिटं नाइलाजाने बाकावर बसावं लागलं, आणि त्या चाळीस मिनिटांत जे बरं वाटलं ना ते महिनाभर फेऱ्या मारून वाटलं नव्हतं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हे चालू आहे. चालायचं असेल तर जरूर चाला, पण ते वेगळं काम आहे, दोन्ही एका खेपेत उरकायला जाऊ नका.

कधी जायचं

महापालिकेच्या बऱ्याचशा बागा दुपारी बंद असतात, म्हणजे सकाळी उघडणार, उन्हं चढली की कुलूप आणि परत चारच्या आसपास उघडणार, त्यामुळे जेवून दोन वाजता सावलीत मस्त बसू असं ठरवून निघालात तर गेटपासून परत यायची वेळ येईल. काही बागांना आठवड्याची सुट्टी पण असते. वेळेची पाटी गेटवर असतेच, जाता येता एकदा फोटो काढून ठेवा म्हणजे प्रश्न मिटला.

सकाळी सहा ते आठ ही वेळ चालणाऱ्यांची आणि हास्यक्लबवाल्यांची. हास्यक्लब आपल्याच राज्यातला बरं का, 1995 साली मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारियांनी जेमतेम पाच जणांना घेऊन सुरू केला आणि आता जगभर पसरलाय. चांगली गोष्ट आहे, माझे सासरे जायचे, पण तुम्ही शांत बसायला गेलात आणि दहा फुटांवर पंचवीस जण हात वर करून हाहाहा करतायत तर तुमचं काही होत नाही, एकतर तुम्ही त्यांच्यात जाता नाहीतर घरी. सकाळच जमत असेल तर साडेआठनंतर जा. फेऱ्यावाले आंघोळीला गेलेले असतात, ऑफिसवाले ट्रॅफिकमधे असतात, बाग रिकामी आणि माळी पाणी घालत असतात, तो मातीचा वास फुकट.

माझी आवडती वेळ मात्र कामाच्या दिवशी सव्वाचार ते पावणेसहा. मुलं अजून क्लासला, आज्या अजून घरी चहा घेतायत. नंतर हळूहळू बाग भरताना बघायला मिळते आणि बरोबर गोंगाट सुरू व्हायच्या आधी उठता येतं. अंधार किती वाजता पडेल ते मात्र धरून चाला, पुण्यात नोव्हेंबरात सहाच्या सुमारालाच सूर्य मावळतो आणि जूनच्या शेवटाला सव्वासातपर्यंत उजेड असतो, म्हणजे तासाभराचा फरक पडतो. एप्रिल-मेमधे पाचच्या आत बाहेर पडूच नका, बाक तव्यासारखे तापलेले असतात, खोटं वाटत असेल तर बसून बघा.

सारसबागेपुरतं सांगायचं तर संकष्टीला जाऊ नका, अंगारकीला तर त्या भागातूनसुद्धा जाऊ नका. रविवार संध्याकाळ म्हणजे जत्रा. दिवाळीत पहाटे तिथे हजारो लोक जमतात, नवे कपडे, पणत्या, आकाशकंदील, तोबा गर्दी. ते एकदा तरी बघावं, पण तो नुसतं बसायचा दिवस नाही.

गाडी शक्यतो नेऊ नका. पार्किंग शोधण्यात जी चिडचिड होते ती उतरायला नंतर अर्धा तास बाकावर जातो, मग बागेत येऊन फायदा काय. स्वारगेटपर्यंत बस आहेच, 2024 च्या सप्टेंबरपासून मेट्रोही आली, तिथून रमतगमत चालत येता येतं.

ही बाग खड्ड्यात का आहे

सारसबागेत पहिल्यांदा गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास जाणवते, की आपण खाली उतरतोय. रस्ता वर, हिरवळ खाली, आणि मधेच उंचावर देऊळ. कारण हे मुळात तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर हे तळं करून घेतलं, मधे बेट ठेवलं, आणि त्या बेटावर 1784 साली सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली. म्हणून तर जुनी माणसं अजूनही "तळ्यातला गणपती" म्हणतात, पाण्याचा पत्ता नसला तरी. तळं गाळाने भरत गेलं आणि 1960 नंतरच्या दशकात महापालिकेने तिथे बाग केली. असं सांगतात की पेशव्यांची गुप्त खलबतं या तळ्यात नावेत बसून व्हायची आणि नावाडी मुद्दाम मराठी न समजणारे ठेवलेले असायचे. आता त्याच जागेवर दोन आज्या सुनेबद्दल खलबतं करत असतात आणि आजूबाजूच्या चार बाकांना स्पष्ट ऐकू येतं.

हे सांगायचं कारण असं की खोलगट जागेचा बसणाऱ्याला फायदा आहे. वरच्या रस्त्याचा हॉर्न-गोंधळ तुम्ही जितके खाली आणि आत जाल तितका कमी होतो. म्हणून गेटातून आत शिरल्या शिरल्या पहिल्या बाकावर बसायचं नाही. आमच्याकडचे पाहुणे नेमकं तेच करतात आणि मग म्हणतात, इथे केवढा आवाज आहे!

कुठल्याही बागेत हा एक नियम लावून बघा. गेटपासून लांब, पण अगदी टोकाच्या भिंतीलाही चिकटून नाही, कारण भिंतीपलीकडे बहुतेक वेळा रस्ता असतो नाहीतर कचऱ्याचा कंटेनर.

बाक निवडणं हे निम्मं काम

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, माफ करा.

पहिलं, वर बघा. बाकावर बसायच्या आधी वर. फांद्या दाट आहेत आणि बाकावर, खाली फरशीवर पांढरे ठिपके दिसतायत म्हणजे तिथे पक्ष्यांची वस्ती आहे. चार वाजता काही नाही, पण पावणेसहाला साळुंक्या, कावळे, पोपट परत यायला लागले की तुमच्या ओढणीचं काही खरं नाही. ठिपके सुकलेले आहेत म्हणून फसू नका, पाखरं रोज त्याच झाडावर येतात.

दुसरं, ऊन कुठून येणार. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर तासभर डोळे मिचकावत बसाल. पाठीमागे पश्चिम आणि पश्चिमेला एखादं मोठं झाड असा बाक बघा. थंडीत सकाळी बरोबर उलटं, ऊन पाठीवर पायजे, ते कोवळं ऊन पाठीवर घेत बसणं याच्यासारखी चैन नाही. सिमेंटचा बाक उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत गरम राहतो आणि डिसेंबरात सकाळी बर्फासारखा, तेव्हा जाडसर टॉवेल नाहीतर जुन्या चादरीची घडी बरोबर असूद्या. पावसाळ्यात बाकाला शेवाळ धरतं, ते दिसत नाही, घरी गेल्यावर सलवारवर हिरवा डाग दिसतो आणि तो जात नाही. माझ्या दोन सलवारी गेल्यात.

तिसरं, हिरवळीवर बसायचं असेल तर आधी तळहात दाबून बघा. वरून कोरडी दिसते आणि माळ्याने तासाभरापूर्वी पाइप सोडलेला असतो. मुंगळ्यांची रांग बघा. आणि हिरवळीवर बसायला परवानगी आहे का तेही बघा, पु. ल. देशपांडे उद्यानात चुकून पाय ठेवलात तर शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाक कोणाचा आहे. आता तुम्ही म्हणाल सार्वजनिक बाग आहे, बाक कोणाचा कसा असेल. तसं कागदोपत्री बरोबर आहे. मी पण सुरुवातीला असंच एका छान बाकावर, मागे झाड पुढे हिरवळ, जाऊन बसले. सव्वापाचला चार आजोबा आले आणि बाकासमोर उभे राहिले. काही बोलेनात. नुसते उभे. एकाने काठी इकडची तिकडे केली. मी म्हटलं, बसायचंय का काका? तर म्हणाले, "नाही नाही, तुम्ही बसा ना, आम्ही इथे गेली अकरा वर्षं बसतो, एवढंच." आता यावर काय बोलणार, उठले. पुणेरी पाटीसुद्धा इतकी सभ्य नसते. तेव्हा नवीन बागेत पहिले दोन दिवस थोडं लांबून बघा कुठला कंपू कुठे बसतो, आणि त्यांना सोडून आपली जागा धरा. महिनाभर रोज त्याच वेळी त्याच बाकावर बसलात की तो बाक तुमचा होतो, मग बाकीचे लांबून बघतात.

काही बाकांवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं कोरलेलं असतं. मला तसे बाक आवडतात. कोणाच्या तरी घरच्यांनी स्टीलची भांडी वाटण्यापेक्षा हे केलं.

काय न्यायचं, काय नाही

पाण्याची बाटली, चादरीची घडी, रुमाल, थोडे सुटे पैसे, एक रिकामी पिशवी. पावसाळ्यात छत्री, ती फोल्डिंगची नको, मोठी दांड्याची, सर आली तर बाकावरच उघडून बसता येतं, आणि तो अनुभव एकदा घ्याच, बाग दोन मिनिटांत रिकामी होते आणि तुम्ही एकटेच छत्रीखाली. वीज कडकडत असेल तर मात्र झाडाखाली थांबू नका, सरळ देवळाच्या नाहीतर गेटजवळच्या पक्क्या छपराखाली जा. संध्याकाळी ओडोमॉस घरूनच लावून जा, डास चावायला लागल्यावर लावून उपयोग नाही, घोट्यांना विसरू नका.

घड्याळ, म्हणजे ते पावलं मोजणारं, घरी. ते मधेच थरथरतं आणि म्हणतं उठा, चाला. अहो, मी बसायलाच आलेय. इअरफोन पण घरी ठेवा. यावर माझं आणि मुलीचं भांडण होतं, ती म्हणते गाणी लावून बसलं की जास्त छान वाटतं. असेल. पण मग बाल्कनीत बस ना.

फोन पिशवीत तळाशी, व्हायब्रेटवर. बंद करू नका, घरचे घाबरतात.

बसल्यावर काय करायचं

पहिली दहा-बारा मिनिटं फार वाईट जातात हे आधीच सांगून ठेवते, कारण बरेच जण तिथेच हरतात. हात आपोआप पिशवीकडे जातो. गॅस बंद केला का, जीएसटी रिटर्नची तारीख, मावशीला फोन करायचा राहिला, सगळं एकदम आठवतं. येऊद्या. त्या वेळात मन शांत करायच्या मागे लागू नका, ते अजून पिसाळतं. मी काय करते, एक हलणारी गोष्ट धरते आणि तिच्याकडे बघत बसते. घसरगुंडी सगळ्यात उत्तम. पोरगं चढतं, वर जाऊन थांबतं, आई बघतेय का बघतं, खाली येतं, परत धावत शिडीकडे. यात काहीही घडत नाही आणि तरी बघवत राहतं. माळी पाइपने पाणी घालत असतील तर तेही चालतं. एकदा मी एका माळीदादांना सुकलेलं एक एक फूल खुडताना जवळजवळ वीस मिनिटं बघितलं, अख्खी ओळ झाली तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून मागे वळून एकदा बघितलं आणि बिडी काढली. मलाच बरं वाटलं.

मग झाडांकडे या. नावं यायलाच पायजेत असं नाही, पण दोन-चार ओळखीची असली की मजा वाढते. पर्जन्यवृक्ष ओळखा, पुण्यात रस्तोरस्ती आणि बागांमधे आहे, छत्रीसारखा पसरलेला, गुलाबी झुपक्यांची फुलं. त्याची पानं संध्याकाळी मिटतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बाकावर बसून होताना बघणं वेगळं, तुम्ही पाचला बसता तेव्हा वर गच्च हिरवं छत असतं आणि सहा-साडेसहाला त्याच छतातून आभाळ दिसायला लागतं, कधी मिटली कळत नाही. ढग दाटून आले की दुपारीसुद्धा मिटतात. त्याच्या शेंगा पण लक्षात ठेवा, काळ्या, चिकट, चपलेखाली आल्या की घरापर्यंत येतात.

एप्रिल-मेमधे बहावा पिवळाधम्मक आणि ताम्हण जांभळा, ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, महाराष्ट्र दिनाच्या सुमारालाच फुललेलं असतं, वेळेचं एवढं पक्कं दुसरं कोणी बघितलं नाही मी. ऑक्टोबरात सप्तपर्णीचा वास संध्याकाळी अंगावर येतो, ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी त्या महिन्यात तिच्यापासून लांबचा बाक धरावा, हे मी अनुभवाने सांगतेय. आणि साधारण त्याच दिवसांत सकाळी बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा असतो. लांब देठाची फुलं. ती वेचून देठात देठ गुंफत सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. आईने लहानपणी शिकवली होती, मी विसरले होते, परत शिकले ती बागेतच एका आजींकडून. तीन देठ घ्यायचे, पोरीच्या वेणीसारखे पेड घालायचे आणि प्रत्येक पेडाला नवीन फूल आत घ्यायचं, देठ ताजा पायजे, सुकला की मोडतो. त्याच देठाची पिपाणी पण वाजते. पहिली माझी वेणी चार फुलांत सुटली. खाली पडलेलीच घ्या मात्र, झाड हलवलंत तर वॉचमन येईल आणि बरोबरच आहे त्याचं.

पक्ष्यांचं मला फार कळत नाही. तांबट ओळखते, उन्हाळ्यात दुपारी टुक टुक टुक कोणीतरी लांब भांडं ठोकतंय असा आवाज येतो तो. पण सापडत मात्र नाही, हिरवा असतो, पानांतच जातो.

एकटी बाई, एकटा पुरुष, आणि बाकी मंडळी

बायकांनी एकटं बसायचं असेल तर थोडं बघूनच बसावं लागतं, याबद्दल गोडगोड लिहिण्यात अर्थ नाही. फार आतला, झाडीतला बाक कितीही सुंदर असला तरी मी घेत नाही. चालायच्या वाटेला लागून, समोर खेळायची जागा किंवा आज्यांचा कंपू दिसतो असा बाक घेते. कोणी उगाच समोरच्या बाकावर येऊन बघत बसलं तर त्याला वाईट वाटेल का वगैरे विचार न करता सरळ उठायचं आणि आज्यांच्या शेजारी जाऊन बसायचं. आज्यांपेक्षा मोठी सिक्युरिटी नाही. त्याची किंमत म्हणून थोडी चौकशी सहन करावी लागते.

"एकट्याच?"

"हो आजी."

"नोकरी?"

"घरूनच काम करते."

"अगंबाई. मग मिस्टर?"

"ते ऑफिसला."

"मुलं?"

"एक मुलगी आहे, कॉलेजला."

"बरंय की मग सगळं," असं म्हणून त्यांनी कमरेच्या पिशवीतून आवळा सुपारी काढून हातावर ठेवली आणि परत आपल्या मैत्रिणीकडे वळल्या, पुढचा अर्धा तास माझ्याकडे बघितलंही नाही. मला हे फार आवडलं. चौकशी पूर्ण, फाइल बंद.

पुरुषांना एवढंच सांगेन, एकटे असाल तर मुलांच्या खेळायच्या जागेसमोर तासभर बसू नका, तुमच्या मनात काही नसलं तरी आयांना अवघडल्यासारखं होतं. दुसरीकडे बसा, हातात पेपर ठेवा. आणि जोडपी बसलेली असतील तर त्यांना बसूद्या. त्यांना तरी जायला दुसरी जागा कुठे आहे या शहरात.

लहान मूल बरोबर असेल तर नुसतं बसणं होत नाही, ते विसरा. आधी मुलाचं उरकून घ्या. सारसबागेच्या शेजारीच पेशवे पार्क आहे, तिथली फुलराणी म्हणजे छोटी आगगाडी 1956 पासूनची, आमच्या आईबाबांनी पण त्यात बसून फोटो काढलेत. निघायच्या आधी चालू आहे का विचारून घ्या, कारण दुरुस्तीला असेल तर पोराचं रडं आवरेपर्यंत तुमची संध्याकाळ गेली. फुलराणी झाली, दोन झोके झाले, पोरगं दमलं, की मग बाकावर पंधरा मिनिटं मिळतात. तेवढीही पुरतात.

थंडीत गेलात तर देवळात डोकवाच. गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. दर वर्षी बघते आणि दर वर्षी हसू येतं, आणि मग लक्षात येतं की आपण स्वतः स्वेटर घरी विसरलोय.

खाणं

आधी नाही, नंतर. भेळ खाऊन बसलात तर तहान लागते, हात चिकट, आणि झोप येते. शिवाय बऱ्याच बागांत आत खायला बंदी आहे. सारसबागेबाहेर चौपाटी आहे, भेळ, पावभाजी, पाणीपुरी, सगळं. माझं ठरलेलं आहे, ओली भेळ, तिखट मध्यम, कांदा जास्त, कैरीचा सीझन असेल तर कैरी सांगायची, ती न सांगता घालत नाहीत. एकट्याला पावभाजी मागवू नका, संपत नाही आणि टाकवत नाही. पावसाळ्यात भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट-मीठ चोळून, आणि ते घेताना निखाऱ्यासमोर मिनिटभर हात शेकायला मिळतात ते वेगळंच.

भेळ संपल्यावर कागद कुठे टाकायचा हा प्रश्न येतो, कारण डबा नेमका भरून वाहत असतो. ती रिकामी पिशवी म्हणूनच न्यायला सांगितली होती.

सारसबाग लांब पडत असेल तर

तुमच्या वॉर्डातली छोटी बाग चालेल, खरंतर जास्त चांगली, कारण रोज जाता येतं. एवढीशी असते, दोन झोके, एक घसरगुंडी, ओपन जिमची चार मशीन, त्यातलं एक मोडलेलं, आणि कडेने फरशीची वाट. तिथे फक्त वेळ सांभाळायची, शाळा सुटल्यानंतरचा तास सोडून. ओपन जिमच्या जवळ बसू नका, ती मशीन कुरकुरतात आणि तेल कोणी घालत नाही. मोठी झाडं हवी असतील तर महिन्यातून एकदा एम्प्रेस गार्डनला जा, तिथे तिकीट आहे पण जुने प्रचंड वृक्ष आहेत, आणि जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा मात्र बसायला जागा मिळणार नाही. अगदी नीटनेटकं आवडत असेल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, जपानमधल्या ओकायामाच्या बागेवरून केलेलं, पाणी, पूल, कापलेल्या टेकड्या. सुंदर आहे. मला तिथे थोडं पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर बसल्यासारखं होतं, पण हे माझं झालं, नवऱ्याला तीच आवडते.

उठायचं कधी

मोबाइलवर अलार्म लावू नका. डास सुरू झाले, पर्जन्यवृक्षातून आभाळ दिसायला लागलं, आज्यांनी पिशव्या आवरल्या, की निघायची वेळ झाली. मला तरीही उठवत नाही बऱ्याचदा. मग वॉचमनकाका शिट्टी वाजवत येतात, आधी लांबून, मग जवळून, आणि माझ्या बाकापाशी आले की शिट्टी तोंडातून काढून म्हणतात, "चला ताई, उद्या आहेच की." मी चादरीची घडी करते, चपलेची शेंग बाकाच्या कडेला घासून काढते आणि निघते.